ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके फवारताना या चुका टाळा

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कापसावर) फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. विष त्यांनी प्यायलेले नव्हते. त्या वर्षी पीक डोक्याच्या उंचीपर्यंत वाढलेले होते, हवा दमट होती आणि फवारा थेट अंगावर येत होता. तरीही आज बहुतेक जण नाकातोंडाला रुमाल बांधला की निर्धास्त होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट हे फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे एक कूळ; फवारणीत ही विषे सर्वांत जास्त शिरतात ती कातडीतून, आणि खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

मोनोक्रोटोफॉस हे या कुळातले नेहमीचे नाव. 36 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रावण), बाटलीवर अतिविषारी असल्याची खूण म्हणून लाल त्रिकोण. पाण्यात ते कितीही प्रमाणात विरघळते, म्हणून घामाने ओल्या अंगावर सहज पसरते. क्लोरपायरीफॉससारख्या काही भावंडांचे आधी यकृतात रूपांतर व्हावे लागते, मग ती पूर्ण विषारी होतात. मोनोक्रोटोफॉसला त्याची गरज नाही, ते थेट काम करते. मज्जातंतूंचा निरोप पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन काम झाल्यावर मोडून टाकायचे काम कोलिनेस्टेरेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. ही विषे त्या विकरालाच जखडतात. निरोप थांबतच नाहीत: लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद.

2005 पासून मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला बंदी आहे आणि 2023 मध्ये केंद्र सरकारने 36 टक्के एसएल बंद करण्याचा आदेश काढला. गोठ्यात, माळ्यावर जुनी बाटली पडून असेल तर ती फवारून संपवू नका, कृषी सहायकाला विचारून तिची विल्हेवाट लावा. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, अ‍ॅसिफेट ही याच कुळातली. कमीअधिक विषारी असली तरी काळजी तीच.

चूक: औषध कालवताना हात उघडे

सर्वांत मोठा धोका फवारणीत नसून पंप भरण्यात असतो. पंपातले औषध शेकडो पटींनी पातळ झालेले असते. बाटलीतले मूळ औषध 1 मिली जरी हातावर सांडले, तरी काहीशे मिली फवारा अंगावर घेतल्यासारखे होते. कालवायला काठी घ्या, हात घालू नका. मोजायला झाकण न वापरता खुणांचे मापपात्र वापरा आणि ते त्याच कामासाठी ठेवा. हातमोजे नायट्राइल रबराचे हवेत. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषून दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा मोजे नसलेले बरे. मोजे काढण्यापूर्वी बाहेरून साबणाने धुवा, मगच हातातून काढा. लोखंडी किंवा पितळी भांडे टाळा, मोनोक्रोटोफॉस या धातूंना गंजवते.

चूक: ओले कपडे अंगावरच वाळवणे

पॅराथिऑन या याच कुळातल्या विषाची 1971 मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापे डोळ्यांसमोर ठेवावीत. कोपराखालच्या हातातून लावलेल्या विषाचे सुमारे 9 टक्के आत गेले, कपाळातून 36, काखेतून 64 आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. आता गळका पंप पाठीवर घेतलेला माणूस आठवा: पाणी पाठीवरून कमरेत, कमरेतून जांघेत उतरते आणि तो तसाच दुपारपर्यंत फिरतो. म्हणून पाठीवर प्लास्टिकचे कापड बांधा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा, डोक्याला टोपी आणि डोळ्यांना गॉगल लावा. कपडा भिजला की त्याच क्षणी काम थांबवून अंग साबणाने धुवा आणि कपडा बदला. बांधावर दोन कळशा स्वच्छ पाणी, साबण आणि एक कोरडा जोड ठेवल्याशिवाय पंप भरूच नये.

हे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. धुणारी बाई बहुतेक वेळा उघड्या हातांनीच धुते आणि तिने औषधाला हातही लावलेला नसतो. मोजे घालून, वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि डिटर्जंटने दोनतीनदा धुवून उन्हात वाळवा.

चूक: नोझल तोंडाने फुंकणे, मध्येच खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणे

नोझल तुंबले की सवयीने ते ओठांना लावतात. जुना दात घासायचा ब्रश आणि एक जादा नोझल खिशात ठेवा. तारेने खुपसू नका, भोक मोठे होते. पाणी फडक्यातून गाळून भरले तर निम्मा त्रास तिथेच संपतो. खर्रा, बिडी, पाणी, भाकर, काहीही हात आणि तोंड साबणाने धुतल्यावरच.

पंप गळत असेल तर तीन जागा पाहा: झाकणाखालचा रबर, नळीचा जोड आणि ट्रिगरचा वॉशर. वॉशर स्वस्त असतो. त्यासाठी दिवसभर पाठ ओली ठेवू नका.

चूक: गुण येत नाही म्हणून डोस वाढवणे

याची कारणे बहुधा वेगळीच असतात. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, दुप्पट केले तरी पोचत नाही. झिजलेले नोझल मोठे थेंब टाकते आणि ते पानावरून ओघळतात. नव्या नोझलपेक्षा त्याच दाबाला 10 टक्क्यांहून जास्त पाणी पडत असेल तर ते बदला. बोर्डो मिश्रण किंवा चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांबरोबर ऑर्गॅनोफॉस्फेट मिसळले तर ते लवकर विघटते. आणि दोनतीन कीटकनाशके, वाढीचे टॉनिक, विद्राव्य खत असे सगळे एका पंपात ओतले तर कीड मरेल याची खात्री नाही, पण विषबाधा झाल्यावर डॉक्टरला नेमके कशाने झाली हे कळणार नाही.

पाणी किती लागते ते मोजा. 10 मीटर बाय 10 मीटर जागा नेहमीच्या चालीने साध्या पाण्याने फवारा. 5 लिटर लागले तर एकरी सुमारे 200 लिटर, म्हणजे 15 लिटरचे तेराचौदा पंप. लेबलवरची एकरी मात्रा त्या पंपांत वाटा. अंदाजाने पंपाला दोन झाकणे, हा हिशेब बंद करा.

वाऱ्याकडे तोंड करून चालू नका. वारा आडवा घ्या आणि वाऱ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात करा, म्हणजे न फवारलेल्या कोरड्या ओळींतूनच पुढे जाता येईल. पीक डोक्याच्या वर गेले असेल तर पाठपंपाने फवारणी करूच नये. मला विचाराल तर ही एकच अट पाळली तरी बरेच जीव वाचतील.

चूक: रिकामी बाटली ठेवून देणे

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले जेवण खाऊन 23 मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. औषधाच्या रिकाम्या डब्यात खाण्याचे काही ठेवले तर घरीही असेच होऊ शकते. म्हणून रिकामा डबा तीनदा विसळा: पाव भरून पाणी, अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. मग खिळ्याने भोके पाडा. औषध कधीही शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका.

चूक: चक्कर आली तर सावलीत झोपवणे

डोके जड, मळमळ, तोंडाला पाणी, धूसर दिसणे, छातीत घट्टपणा यांतले काहीही दिसले की फवारणी बंद. कपडे काढा, केस आणि नखांसह अंग साबणाने धुवा, डोळ्यांत गेले असेल तर 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. विष पोटात गेले असेल तरी मिठाचे पाणी देऊन उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा आणि 108 ला फोन करा.

बाटली किंवा लेबल सोबत न्या. ऑर्गॅनोफॉस्फेटला अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो, सोबत प्रॅलिडॉक्सिम दिले जाते. पण कापसावर मारले जाणारे डायफेन्थियुरॉन या कुळातले नाही, त्यावर अ‍ॅट्रोपिन उतारा नाही. डॉक्टरचा निर्णय त्या लेबलवर ठरतो.

बरे वाटले म्हणून सही करून घरी नेणे ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक. विषबाधेनंतर साधारण 1 ते 4 दिवसांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. उशीवरून डोके उचलता येत नाही ही त्याची पहिली खूण, अशा वेळी व्हेंटिलेटर जवळ हवा. घरी आल्यावरही लगेच पंप उचलू नका. रक्तपेशींतले विकर रोज सुमारे 1 टक्का इतक्या संथ गतीने भरून येते, आणि त्याआधी थोडेसे विष लागले तरी त्रास पहिल्यापेक्षा जास्त होतो. कोलिनेस्टेरेजची रक्ततपासणी करून डॉक्टरने परवानगी दिल्यावरच पुन्हा फवारणीला जा, तोवर ते काम दुसऱ्याकडे द्या.