योगशिक्षक व्हायचंय? आधी चार आसनं मुरू द्या

प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात शीर्षासनाच्या मागे लागू नका. ताडासन, त्रिकोणासन, अधोमुख श्वानासन आणि भुजंगासन ही चार आसनं स्वतःच्या अंगात मुरली, की दुसऱ्याच्या अंगातली चूक दिसायला लागते. शिक्षकाला हवी ती हीच नजर.

जेवणानंतर चार तास जाऊ द्या. उभ्या आसनांना सतरंजी नको, ती सरकते. रबरी मॅट घ्या नाहीतर सरळ फरशीवर अनवाणी उभे राहा. आपल्या बेळगावकडच्या पावसात, खानापूरकडे तर जास्तच, शहाबादी फरशीला ओल धरते. आधी कोरड्या फडक्यानं पुसा.

ताडासनाची परीक्षा सोपी आहे. तळवे ओले करून कोरड्या फरशीवर उभे राहा, मग बाजूला होऊन ठसा बघा. तळव्याची आतली कड पूर्ण उमटली असेल तर कमान खाली बसतेय. भार चार जागी सारखा हवा: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाचेची आतली आणि बाहेरची बाजू. आता गुडघ्याची वाटी वर ओढा. इथंच सगळ्यात जास्त गफलत होते, कारण बहुतेक जण वाटी ओढण्याऐवजी गुडघाच मागे ढकलतात. खात्री करायची तर वाटी दोन बोटांच्या चिमटीत धरून हलवा. हलली तर मांडीचा पुढचा स्नायू सैल आहे आणि भार सांध्यावर पडतोय. गुडघा केसभर वाकवा, मांडी आवळा, पुन्हा बघा.

त्रिकोणासन म्हणजे हेच ताडासन, पाय फाकवून. दोन पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर, उजवं पाऊल ९० अंश बाहेर, डावं साधारण १५ अंश आत. उजव्या टाचेची रेघ डाव्या तळव्याच्या कमानीला भिडली पाहिजे. श्वास सोडत कमरेपासून नव्हे, जांघेपासून उजवीकडे झुका. हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी छाती खाली वळते, कुल्ला मागे जातो आणि उजवा गुडघा अंगठ्याच्या आत पडतो. म्हणून घोट्याच्या बाहेर वीट उभी करून तिच्यावर हात ठेवा. घरची भाजकी वीट फडक्यात गुंडाळली तरी चालते. पाठ भिंतीला लावून केलं तर कुल्ला कुठं सुटला ते लगेच कळतं. पाच श्वास थांबा, मग डावी टाच दाबून श्वास घेत वर या. आधाराचा कमीपणा मानू नका. ठोकळे, पट्टे, खुर्च्या आसनांत रुळवणारे बी. के. एस. अय्यंगार कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरचे, १९३७ साली पुण्यात शिकवायला आले.

अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलल्यावर, मनगट दुखलं तर तर्जनीचं मूळ बघा, ते उचललेलं असतं. पाठीला पोक येत असेल तर टाचा टेकवायचा नाद सोडून गुडघे वाकवा. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतात, तेच कंबर खाली ओढतात. रक्तदाब वाढलेला असेल त्याला डोकं खाली नको; भिंतीला हात लावून अर्धंच करवून घ्या.

भुजंगासनात, म्हणजे पालथं झोपून छाती वर उचलताना, हातांवर जोर देऊन उठू नका. हाताचे तळवे क्षणभर जमिनीपासून उचला. छाती जितकी वर राहील तितकीच तुमची खरी उंची. गर्भवतींना हे आसन देऊ नका.

आता सूचना. समोर तोंड करून शिकवताना ‘उजवा पाय’ म्हणताना स्वतःचा डावा टाका, म्हणजे वर्ग आरशासारखा मागे येतो. आणि आपल्या वर्गात मराठी-कानडी दोन्ही मंडळी असतात, तिथं एक शब्द फार जपून वापरा. आपली मांडी म्हणजे कानडीत ‘तोडे’, आणि कानडीतली ‘मंडी’ म्हणजे गुडघा. तुम्ही ‘मांडी आवळा’ म्हणालात की कानडी विद्यार्थी गुडघा ताणतो, म्हणजे ताडासनात टाळायची तीच चूक करतो. तेव्हा मराठीत सांगा, लगेच ‘तोडे’ म्हणा आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवा.