जपानी उपनगरातील जुना फ्लॅट घेण्यापूर्वी
1967 च्या कोयना भूकंपाच्या आठवणी ज्यांच्या घरी अजूनही निघतात, त्या सातारकरांना जपानमध्ये गुंतवणुकीसाठी जुना फ्लॅट घेताना पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे सांगावे लागू नये. तेथे भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष 1 जून 1981 पासून लागू झाले. मात्र इमारत पूर्ण झाल्याचे वर्ष पाहून भागत नाही, बांधकामाची मंजुरी त्या तारखेनंतरची आहे काय, हेच तपासावे. मग इमारतीच्या दुरुस्ती निधीतील शिल्लक आणि इतर मालकांची थकबाकी यांची कागदपत्रे मागवावीत, कारण निधी अपुरा असल्यास मासिक वर्गणी वाढत जाऊन भाड्याचा मोठा हिस्सा गिळते. जुन्या फ्लॅटच्या स्वस्ताईमागे बहुधा हेच दडलेले असते. रक्कम पाठवताना प्रतिव्यक्ती, प्रति आर्थिक वर्ष 2,50,000 डॉलरची भारतीय मर्यादा लक्षात ठेवावी.