साक्षरता वर्गात मावशी गप्प का बसतात? शिकवणाऱ्यांनी या चुका टाळा

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गात १५ वर्षांपुढचं कुणीही असाक्षर माणूस बसू शकतं. गावातल्या वर्गात बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीच्या बायका येतात. बचत गटाच्या बैठकीत ठणकावून बोलणारी बाई इथं पाटी मांडीवर घेऊन मान खाली घालते, कारण रोजच्या ओळखीच्या माणसांसमोर चुकायची लाज वाटते. आपल्या हातून होणाऱ्या काही चुकांमुळे ती लाज आणखी वाढते.

पहिल्याच आठवड्यात फळ्याजवळ बोलावणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खडू हातात धरून एखादी अडली, की दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी दिसते. सुरुवातीचे १०-१२ दिवस पाटीवरच लिहू द्या आणि चूक शेजारी बसून, हळू आवाजात सांगा.

मुळाक्षरांपासून सुरुवात. 'अ अननसाचा' म्हणायला लावलं, की आपल्याला लहान पोर समजतात असं वाटतं. त्यांच्या नावापासून सुरुवात करा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'शकुंतला' लिहा. आधी अक्षरांवरून बोट फिरवू द्या. मग पाटीवर तुम्ही 'शकुंत' लिहा आणि शेवटचा 'ला' त्यांना लिहू द्या. तो जमला, की 'तला' त्यांचा, मग 'कुंतला', शेवटी पूर्ण नाव. पुढून सुरुवात केली तर उकार खाली आणि अनुस्वार वर असलेल्या 'कुं'पाशी गाडी दरवेळी अडते. मागून आलं, की नाव दरवेळी त्यांच्याच हातून पूर्ण होतं. ही युक्ती साधी आहे, पण तिच्याइतकं बळ दुसरं काही देत नाही.

'डोक्यातच जात नाही' हे खरं मानणं. आधी विचारा: सुई तुम्ही ओवता की नातवंडं ओवून देतात? नातवंडं ओवत असतील तर अडचण बहुधा चाळिशीची आहे. नेत्रतपासणीला पाठवा. चष्मा येईपर्यंत बोटभर उंचीची अक्षरं काढा आणि दिव्याखालची जागा त्यांना द्या.

'समजलं का?' विचारणं. सगळ्या 'हो' म्हणतात, आणि त्या 'हो'ला काही अर्थ नसतो. त्याऐवजी 'यातला *पाणी* शब्द शेजारणीला दाखवा' असं सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात १० अंक मोजेपर्यंत आपण बोलू नये. उत्तर बहुतेकदा त्या शांततेतच येतं. सासू-सून मात्र एका जोडीत नकोत, सून तोंड उघडत नाही.

हिशेब येत नाही असं धरून चालणं. ३०० रुपये रोजानं ६ दिवसांचे किती, हे तोंडी विचारा. १८०० लगेच येतात. लिहायला सांगितलं, की १०००८०० होतात, कारण 'एक हजार' आणि 'आठशे' जसे बोलले जातात तसेच एकापुढे एक उतरतात. उत्तर बरोबर आहे हे आधी मोठ्यानं सांगा. मग हजार, शतक, दशक, एकक असे चार रकाने आखून एका रकान्यात एकच अंक भरायला द्या. आधी बोलणं, मग लिहिणं, हा क्रम मोडू नका.

परीक्षेचं नाव काढून घाबरवणं. चाचणी १५० गुणांची असते; वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. तारीख जवळ आली, की हजेरी घटते. महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा १० मिनिटांचा नमुना सोडवून घ्या, तपासणी जोडीनंच करू द्या. लाल पेन घरीच ठेवा.

खुरपणी किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत गैरहजेरी होणारच. परतलेल्या बाईला 'इतके दिवस कुठं होतात?' असं चारचौघांत विचारू नका. तिच्या जोडीदारणीला १५ मिनिटं द्या, मागचा धडा तीच समजावून सांगेल. सांगताना तिचा स्वतःचाही पक्का होतो.