घरी वाजतं ते स्टेजवर का पळतं?

माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "सर, घरी बरोबर येत होतं." खोटं नसतं ते. मीही एका गणेशोत्सवात एकल वादनाला बसलो, कायदा (ठरावीक बोलांची रचना, जिचा पुढे विस्तार करतात) घरच्या दुप्पट घाईत उचलला आणि चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, बोटं नुसती फरफटली. तिहाईचा, म्हणजे शेवटी तीनदा वाजवायच्या तुकड्याचा, शेवटचा धा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच पडला. लेहरा (तालाला धरून फिरणारी धून) धरणारा पेटीवाला गालात हसला, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तर आधी रियाजाचं. कायदा रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू नका. दहा वेळा वाजवला तर अडणारी जागा दहा वेळा चुकते, आणि हाताला चूकही पाठ होते. 'धाधा तिट धाधा तूना' घ्या. 'तिट'मधला ट तर्जनीनं शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) वाजतो आणि पुढच्या धासाठी तीच तर्जनी लगेच चाटेवर (काठावर) न्यायची असते. लय वाढली की गडबड होते ती इथेच. मग फक्त 'तिट धा' वाजवा आणि थांबा. मेट्रोनोम 60 वर. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तरच 65. चुकलं तर 55, त्यात लाज कसली?

एकच कायदा तासभर घोटू नका. दहा मिनिटं कायदा, दहा मिनिटं रेला (वेगात वाजवायची बोलांची सलग रचना), मग पुन्हा कायदा. परत आल्यावर विसरल्यासारखं वाटतं, चीड येते. येऊ दे. आठवायला जोर लावावा लागतो म्हणूनच ते पक्कं बसतं. रात्री वीस आणि सकाळी वीस मिनिटं ही सलग चाळीसपेक्षा बरी, कारण झोपेतही मेंदू ते मुरवत असतो. एसटीत बसून हातानं टाळी-खाली धरत पढंत करा, म्हणजे बोल तोंडानं म्हणा. तोंडाला येत नसेल तर हाताला नुसती सवय झालेली असते, आणि ऐनवेळी दगा देते ती सवयच.

आता स्टेज. छातीत धडधडतं तेव्हा नेहमीची लय संथ वाटते, म्हणून हात पळतो. यावर माझा उपाय थोडा वेडगळ आहे: तीन मजले जिने चढा, धापा टाकत तबल्यावर बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा. सुरू करण्याआधी एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मनात पढंत करा आणि मनाला वाटते त्याहून जरा खालची लय धरा. "मी घाबरलोय" असं स्वतःला सांगू नका. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 सालच्या प्रयोगात गाण्याआधी "मला हुरूप आलाय" अशा अर्थाचं म्हणणारे जास्त नेमके गायले होते. धडधड तीच राहते, तिचं नाव फक्त बदलायचं.

आणि चुकण्याचाही रियाज करा. घरच्या कुणालातरी मध्येच टाळी वाजवायला सांगा. टाळी पडली की पलटा (कायद्याचे बोल फिरवून केलेला विस्तार) सोडून ठेक्यावर, म्हणजे तालाच्या मूळ बोलांवर, यायचं, सम गाठायची, मग पुढचा पलटा.

मागे तबल्याच्या मध्यमा परीक्षेत माझी एक विद्यार्थिनी तिसऱ्या पलट्यात अडखळली. ठेक्यावर आली, दोन आवर्तनं निवांत वाजवली आणि चौथा उचलला. परीक्षक मान डोलवत होते, ते डोलवतच राहिले.