सेलिब्रिटी फोटोग्राफर व्हायचंय? आधी रिफ्लेक्टर धरा
लगेच महागडा कॅमेरा घ्यायला धावू नका, आधी कुणाकडे तरी असिस्टंट म्हणून लागा, स्टँड उचला, रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा फलक) धरा आणि समोरचा स्टार अवघडला की फोटोग्राफर त्याला कसं बोलतं करतो ते नीट बघा, खरं काम तेच. सिनेस्टार्सच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षसुद्धा आधी लिंटास या ॲड एजन्सीत होते. नवीन मॉडेल, मेकअपवाले गाठून टेस्ट शूट करा, पैसे नाही मिळत पण पोर्टफोलिओ सगळ्यांचाच होतो. क्लोजअपला ८५ एमएम लेन्स, डोळ्यात लाइटचा ठिपका हवाच. आणि हो, पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कायद्याने क्लायंटचा होतो, त्यामुळे हक्क कुणाचा, फोटो कुठे, किती दिवस वापरणार सगळं लिहून घ्या, "अरे घरचंच काम आहे" म्हणणाऱ्याकडून तर आधी ॲडव्हान्स.