कोनफळाचे बेणे ढिगातून नको, वेलावरून निवडा

मार्गशीर्षात कोनफळाची (घोरकंदाची) पाने पिवळी पडू लागतात. पान पुरते गळण्याआधी शेतात एक फेरी मारा, कारण पुढच्या वर्षीच्या कंदाची प्रत याच फेरीत ठरते. मोठे कंद बाजारात आणि उरलेले बारके बेण्याला, ही पद्धत बंद करावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोनफळ आपण फोडीपासून, म्हणजे कंदाच्या तुकड्यापासून लावतो, बियांपासून नाही. त्यामुळे फोडीत मूळ वेलाचे सगळे आनुवंशिक गुण जसेच्या तसे उतरतात. चांगल्या वेलाचा बारका कंदही गुणाने चांगलाच असतो. पण एकदा ढीग झाला की तो बारका कंद चांगल्या वेलाचा की रोगट वेलाचा, हे ओळखता येत नाही. पानावर हिरव्या-पिवळ्या छटांचा मोझॅक दिसणारा किंवा खुरटलेला वेल बेण्यातून बाद करा. ही विषाणूची लक्षणे आहेत आणि हा विषाणू फोडीबरोबर पुढच्या पिकात जातो. ‘जात जुनी झाली, उतरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा जात तीच असते, बेण्यात विषाणू साठत गेलेला असतो. करप्याने शेंडे काळे पडून वाळलेले वेलही नकोत.

निरोगी असे वीसेक वेल निवडून त्यांना रंगीत सुतळी बांधा. काढणीच्या वेळी प्रत्येक वेलाचे कंद वेगळे ठेवा, नंबर घाला आणि प्रत्येकातला एक कापून पाहा.

गराचा रंग आधी बघा. जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो मुख्यतः जातीवर ठरतो. उंधियूच्या दिवसांत मुंबईत जांभळ्या कंदाला मागणी असते, म्हणून सालीपासून मध्यापर्यंत सारखा रंग असलेले वेल वेगळे काढा. मग सगळ्या वेलांच्या चकत्या एकाच वेळी कापून अर्धा तास उघड्यावर ठेवा. काही तपकिरी पडतील, काही जवळजवळ तशाच राहतील. गरातल्या फिनॉलवर हवेत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराची क्रिया होते, म्हणून रंग बदलतो. ही खोड वेलागणिक कमी-जास्त असते. पांढऱ्या गराच्या कंदात हा दोष लगेच डोळ्यांत भरतो.

तिसरी परीक्षा कोरड्या भागाची. १०० ग्रॅम पातळ काप कडकडीत वाळवून पुन्हा तोला. ३० ग्रॅमच्या आसपास उरले तर कंद शिजल्यावर पिठूळ लागतो, २० ग्रॅमच उरले तर पाणचट. काप नेहमी कंदाच्या मध्यातून घ्या. वेलाकडचे डोके जुने आणि घट्ट असते, खालचे टोक कोवळे आणि पाणीदार. एकाचे डोके आणि दुसऱ्याचे टोक तोलले तर निकाल चुकतो.

आकाराबाबत मात्र घाई नको. जांभ्या दगडाला अडून कंद वाकडा होतो, फाटे फुटतात. तो जमिनीचा दोष, जातीचा नव्हे. त्याच वेलाची फोड भुसभुशीत आळ्यात लावून दुसऱ्या वर्षी पाहा, मगच नापास करा.

नवे वाण काढणे अवघड आहे. नर आणि मादी फुले वेगळ्या वेलांवर येतात, काही वेल फुलतच नाहीत. गुणसूत्रे कुठे ४०, कुठे ६०, कुठे ८०. ६० वाल्यांत बी धरणे कठीण. तरीही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘श्री शिल्पा’ ही संकरित जात दिली आहे. दापोली विद्यापीठाची ‘कोकण घोरकंद’ कोकणासाठीच आहे. बेणे विकत घ्यायचेच असेल तर या जातींची चौकशी करा.

निवडलेले कंद सावलीत, हवेशीर जागी एकेरी थरात ठेवा. फ्रिज किंवा शीतगृह नको, १२ अंशांखाली गर आतून काळवंडतो. पिठ्या ढेकूण दिसला तर तो कंद लगेच बाजूला काढा. मे महिन्यात २५० ते ३०० ग्रॅमच्या, साल असलेल्या फोडी करा, शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि ९० × ९० सेंमीवर लावा. डोक्याकडच्या फोडी आधी उगवतात, म्हणून त्यांची ओळ वेगळी धरा. प्रत्येक ओळीला वेलाचा जुना नंबर लावायला विसरू नका, कारण तुलना याच नंबरांवर चालते.