पॉलिप, माशाच्या तेलाची गोळी आणि मिरकरवाड्याची तारली

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) काढून झालं की माणूस आमच्या दुकानात येतो. "काका, परत होऊ नये म्हणून माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या." रत्नागिरीत माझं मेडिकल आहे, त्या गोळ्यांत मलाही दोन पैसे सुटतात. तरी डबी हातात देण्याआधी ती उलटी करायला लावतो.

पुढे ठळक छापलेले १००० मिलिग्रॅम म्हणजे नुसतं तेलाचं वजन. कामाचे घटक दोन, ईपीए आणि डीएचए, ही ओमेगा-३ स्निग्धाम्लं. ते मागे बारीक अक्षरांत. साध्या गोळीत बहुधा १८० आणि १२० मिलिग्रॅम. आतड्याच्या पॉलिपवर नुसत्या ईपीएचे जे दोन प्रयोग पुढे सांगतो, ते रोज २ ग्रॅमचे. तेवढं भरायला या गोळ्या दिवसाला अकरा-बारा लागतील! हा हिशोब कॅल्क्युलेटरवर करून दाखवला की गिऱ्हाईक गप्प होतं.

बरं, २ ग्रॅमनी तरी काय झालं? ज्यांच्या घराण्यातच शेकडो पॉलिप होण्याचा दोष आहे, अशा ५५ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१०) सहा महिन्यांनी गोळी घेणाऱ्यांची पॉलिप नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरली. मग इंग्लंडमध्ये ७०९ जणांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१८ चा. वर्षभराने पुन्हा दुर्बीण घातली तर ईपीएवाल्यांपैकी ६३ टक्के लोकांत पॉलिप सापडलं, दिखाऊ गोळीवाल्यांत ६१ टक्के. म्हणजे मुख्य प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आलं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूची पॉलिप माणशी थोडी कमी दिसली, एवढाच आशेचा धागा. कल्पना तशी खोटी नाही: ईपीए पेशीत शिरून अ‍ॅराकिडोनिक आम्ल या दुसऱ्या स्निग्धाम्लाची जागा घेतं, त्यामुळे सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-टू कमी बनतं. पण पेशीत घडतं ते माणसात मोजून दिसेलच असं नाही.

म्हणून माझं सांगणं, तेल हवंच तर ताटातून घ्या. आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा. पापलेट खा हवं तर, पण त्यासाठी मोजलेले पैसे चवीचे. तेलात तारली पुढे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुरळीत सुरू झाल्या की आमच्या मिरकरवाडा बंदरात चांगली चरबी धरलेली तारली येते. हातात घेऊन पोट दाबून बघा, कडक लागलं पाहिजे. पोट फुटलेली, कल्ले तपकिरी पडलेली तारली फुकट दिली तरी नको. हा मासा फार लवकर उतरतो, आणि उतरलेल्या बांगड्या-तारलीने अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. बर्फ मागून घ्या आणि घरी आल्या आल्या साफ करा.

तळू नका. तव्यावर तारलीची चरबी सुटून सूर्यफुलाच्या तेलात जाते आणि ते तेल आपण ओतून देतो. तिखलं करा: मिरची-हळदीचं वाटण, आमसुलं, ठेचलेली तिरफळं, बेताचं पाणी, वरून चमचाभर खोबरेल. तारल्या घातल्यावर चमचा फिरवायचा नाही, टोप कापडाने धरून हलवायचा. रसावर जो पिवळसर तवंग येतो तो सोडू नका, भातात कालवा. माझी बायको तो तवंग काढून टाकायची, "वास येतो" म्हणून. आता तिला वाटी माझ्याकडे सरकवायला सांगतो. सुकं खारवलेलं मात्र यात धरू नका, आणि मटणाच्या जागी मासा आला तर एक फायदा माशाचा, दुसरा मटण कमी झाल्याचा.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मोठ्या मात्रेने ठोक्यांचा त्रास वाढू शकतो.

आणि पुढच्या कोलोनोस्कोपीची तारीख डॉक्टरांनी दिली असेल ती गोळीमुळे पुढे ढकलायची नाही. पॉलिप कॅन्सर होण्याआधी काढून टाकणं हाच खरा बचाव. घरात आई-वडील किंवा भावंडाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणीचं डॉक्टरांशी बोला. शौचातून रक्त जात असेल तर तेवढंही थांबू नका, आणि ते मूळव्याधीचं म्हणून माझ्याकडे मलम मागायला येऊ नका.